कांचेवरचा रंग

रंग म्हटला कीं आपल्या वऱ्हाडांतील मुलांच्या डोळ्यांपुढें फाल्गुनांतला पळस उभा राहतो. त्या दिवसांत पुसदकडे किंवा पांढरकवड्याकडे जाणाऱ्यास रस्त्याच्या दोहों बाजूंस पानें गळून गेलेलीं आणि केशरी फुलांनीं पेटल्यासारखीं झाडें दिसतात. तीं फुलें उकळून केलेल्या पाण्यानें आमच्या आजोबांच्या पिढीनें रंग खेळला. परंतु रंगाचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्यांत शोभेचा वा करमणुकीचा लवलेशही नाहीं. डोळ्यांस न दिसणारी वस्तु दिसूं लागावी म्हणून तिला रंगवितात. हा रंग मनुष्याच्या शरीरांतून काढलेल्या तिळाएवढ्या तुकड्यावर चढवावयाचा असतो. गेल्या उन्हाळ्यांत दहा दिवस तें काम मीं स्वतःच्या हातानें केलें. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांकरितां विदर्भांतील एका प्रयोगशाळेनें तो वर्ग काढला होता. आम्ही बाराजण होतों, व यवतमाळ जिल्ह्यांतून गेलेली मी एकटीच. त्या दहा दिवसांत जें पाहिलें, त्यांतील बरेंचसें आपल्या घरांशीं निगडित आहे. म्हणून शाळेच्या या वार्षिकांत तें लिहावयास घेतलें आहे.

गालाच्या आंतील त्वचेचा पातळ पापुद्रा तसाच सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला तर काय दिसतें? जवळजवळ कांहींच नाहीं. आपलें शरीर पेशींचें बनलेलें आहे. एका जातीच्या पेशी एकत्र येऊन जें बनतें त्याला ऊतक म्हणतात, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. या पेशींत मुख्यतः पाणी असतें. पाण्यांत बुडालेली कांच जशी नजरेस पडत नाहीं, तशाच त्याही प्रकाशास आरपार सोडून देतात. इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाचा काप पाहून त्यांतील कोठड्यांस ‘सेल’ हें नांव दिलें, तेव्हां त्याला रंगाची गरज पडली नाहीं. कारण बुचांतील पेशी मेलेल्या असून त्यांच्या जाड भिंती तेवढ्या शिल्लक होत्या. प्राण्यांचें मांस पाहूं जाणाऱ्यांस मात्र पुढें दीर्घकाळ धुक्यांतून पाहावें लागलें. भिंगें सुधारलीं, तरी धुकें कायम राहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शास्त्रज्ञांनीं रंगाऱ्याची विद्या उचलली, आणि मग तें निवळूं लागलें.

आम्हांस शिकविणारीं दोन माणसें होतीं. विकृतिशास्त्राच्या प्राध्यापिकाबाई सकाळीं तासभर फळ्यावर विषय समजावून देत. त्यानंतरचा सारा दिवस एका निवृत्त तंत्रज्ञांचा असे. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं याच कामांत घालविला होता. प्राध्यापिकाबाईंसह सर्वजण त्यांना भाऊ म्हणत. त्यांची बोली अस्सल वऱ्हाडी. परीक्षेंत ती उत्तीर्ण होणार नाहीं, पण हात असे कीं पाहत राहावें. पहिल्याच दिवशीं आमच्यापैकीं एकानें चिमटा घेऊन बाटलींतील तुकडा उचलण्याची लगबग केली, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “तुकडा काही पयून नाही जात जी. पयले बाटलीत औषध किती हाय ते पाहा.”

त्या औषधाचें नांव फॉर्मालिन. शरीरापासून तुकडा वेगळा होतांच त्याचा नाश सुरू होतो. पेशींतीलच पाचक द्रव्यें पेशींना खाऊं लागतात आणि बाहेरचे जंतु त्यांना साहाय्य करतात. फॉर्मालिन प्रथिनांना जेथल्या तेथें जखडून टाकतें, व पेशी मरतांना जशी होती तशीच राहते. जर्मनींत फर्डिनांड ब्लूम हा या द्रव्याची जंतुनाशक शक्ति तपासीत असतांना त्याच्या बोटांची त्वचा कडक झाली. त्यावरून १८९३ सालीं हा गुण जगास कळला. तुकड्याच्या निदान दहापट द्रव बाटलींत असावा लागतो, व तुकडा मोठा असेल तर एक अहोरात्र त्यांत ठेवावा लागतो. फॉर्मालिनची बाटली उघडतांच डोळ्यांतून पाणी येतें. तें आमच्याही आलें. “रडून घ्या,” भाऊ म्हणत, “मंग काम.”

येथें मला थोडें घरचें सांगावें लागतें. माझे मामा दारव्हा तालुक्यांत शेती करतात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नींत घालून घोटलेला खर्रा आमच्याकडे कशा रीतीनें खाल्ला जातो हें पालकांस सांगावयास नको. मामांनीं तो वीस वर्षें खाल्ला. पुढें पुढें त्यांचें तोंड दोन बोटांहून अधिक उघडेना. तिखट लागेना, आग होई. मग गालाच्या आंत एक व्रण झाला तो कांहीं केल्या भरेना. एका दवाखान्यांत त्या जागेचा तुकडा काढून तपासणीकरितां बाहेरगांवीं पाठविला. तो पोंचविण्याचें काम मामींकडे आलें. त्यांनीं ती बाटली पदराखालीं धरून एस. टी.नें नेली, वाटेंत एक मुक्काम पडला, दिवस वैशाखाचे. बाटलींत फॉर्मालिन घालावयास हवें होतें, पण तेथल्या माणसानें सलाइनचें पाणी घातलें होतें. अहवाल आला तो इंग्रजींत आणि एका ओळीचा : ऊतक बिघडल्यामुळें निदान करतां येत नाहीं, नमुना पुन्हां पाठवावा. ती ओळ वाचून दाखविणाऱ्यानें “काही निघालं नाही” एवढाच तिचा अर्थ सांगितला. मी त्या वेळीं अमरावतीच्या वसतिगृहांत होतें. मलाही फोनवर तेंच कळलें. घरच्यांनीं सुटकेचा श्वास सोडला. पेरण्या आल्या, डवरणी आली, कापूस फुटला. दिवाळीच्या सुमारास गालावर बाहेरून गांठ दिसूं लागली, तेव्हां दुसरा तुकडा निघाला व रोगाचें नांव कळलें. नागपुरास शस्त्रक्रिया होऊन मामा वांचले. जबड्याचा उजवा भाग गेला. हल्लीं ते भाकरी दुधांत कुस्करून खातात आणि बोलतात तें मामींनाच नीट समजतें.

तिसऱ्या प्रहरीं भाऊंनीं दोन कांचपट्ट्या शेजारीं शेजारीं मांडल्या. एकाच तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मालिनमध्यें व दुसरा मिठाच्या पाण्यांत, उन्हाळ्याच्या उष्णतेंत, दोन दिवस ठेवलेला होता. पहिल्या पट्टींत प्रत्येक पेशीचें केंद्र टिंब दिल्याप्रमाणें स्पष्ट होतें. दुसऱ्या पट्टींत ओल्या कागदावर शाई पसरावी तसा सगळा पुसट पसारा. मी त्या दुसऱ्या पट्टीपाशीं इतरांहून अधिक वेळ बसलें. माझ्या मामांच्या तुकड्याकडे पाहणाऱ्या तज्ज्ञाला काय दिसलें असेल हें मला त्या वेळीं समजलें. त्यानें लिहिलेली ती ओळ खरी होती. तिच्यांतील ‘पुन्हां पाठवावा’ हे शब्द घरापर्यंत पोंचले नाहींत, एवढेंच.

फॉर्मालिनमधून निघालेला तुकडा मऊच असतो; त्याचा बारीक काप घेण्यासाठीं त्याच्यांत मेण भरावें लागतें. मेण आणि पाणी यांचें सख्य नाहीं, म्हणून प्रथम पाणी काढावयाचें. चढत्या तीव्रतेच्या स्पिरिटांतून तुकडा नेला कीं पाणी जातें. झायलीन नांवाच्या द्रवांत बुडविला कीं स्पिरिट जातें. आणि वितळलेल्या मेणांत ठेवला कीं झायलीन जाऊन मेण शिरतें. लोणच्याच्या फोडींस मीठ लावून पाणी सुटल्याखेरीज आपल्या आया त्यांवर तेल ओतीत नाहींत. त्यांतलाच हा प्रकार.

कापण्याचें काम मात्र सर्वांत अवघड. मायक्रोटोम नांवाच्या यंत्रांत मेणाचा ठोकळा बसवितात व हातानें चाक फिरवितात; प्रत्येक फेऱ्यास ठोकळा पुढें सरकून पात्यावरून जातो आणि चार मायक्रॉन जाडीची चकती निघते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरभर जाडींतून अडीचशें चकत्या निघाव्या! चकत्या एकमेकींस चिकटून त्यांची फीत होते. ती बारीक कुंचल्यानें उचलून कोमट पाण्यावर सोडली कीं दुधावरील सायीसारखी पसरते व तिच्या सुरकुत्या निघून जातात. मग पाण्याखालून कांचपट्टी घालून ती अलगद उचलावयाची. हें सर्व होत असतां पंखा बंद, कारण वाऱ्यानें फीत उडते. बोलणें बंद, कारण श्वासानेंही उडते. बाहेर पारा चाळीस अंशांच्या पुढें गेलेला, आंत बाराजण घामानें भिजलेले, आणि मेण तर उकाड्यानें मऊ होऊन पात्याखालीं चुरगळे. भाऊ बर्फाच्या लादीवर ठोकळे पालथे घालून ठेवीत आणि एक एक आमच्या हातीं देत. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं माझ्या चाकाखालून अखंड फीत निघाली. लांबी जेमतेम वीतभर. कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत, वाजवितां येतच नव्हत्या; पण भाऊंनीं मान हलविली.

आतां रंगाकडे वळूं. नित्याच्या तपासणींत दोन रंग वापरतात. पहिला हेमॅटॉक्सिलीन. मेक्सिकोकडील एका झाडाच्या लाकडापासून तो निघतो, व त्या झाडाच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच ‘रक्तकाष्ठ’ असा आहे. हा रंग नुसता घातला तर धुऊन जातो. त्यास पक्का करण्यासाठीं तुरटी लागते. तुरटीचें नांव ऐकून मला मौज वाटली. आमच्याच वऱ्हाड-नागपूर प्रांतांत पूर्वीं आल नांवाच्या झाडाच्या मुळ्यांपासून तांबडा रंग काढून रंगारी लोक लुगडीं-पागोटीं रंगवीत, आणि त्यांच्याही हौदांत तुरटीच असे. तुरटींतील ॲल्युमिनियम एका हातानें रंगास व दुसऱ्या हातानें धाग्यास धरतें; कांचेवर तें धाग्याऐवजीं पेशीच्या केंद्रास धरतें. पुढें १८५६ सालीं अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हा लंडनमध्यें हिंवतापावरील क्विनाईन कृत्रिम रीतीनें बनवूं गेला आणि त्याला डांबराच्या पोटांतून जांभळा रंग सांपडला. त्या एका रंगामागून शेंकडों कृत्रिम रंग आले. कापसाच्या गिरण्यांचा त्यांनीं फायदा केला आणि आलाची शेती बुडविली. त्याच रंगांतील कित्येक वैद्यांच्या टेबलावर येऊन पोंचले. इओसिन हा आमचा दुसरा रंग त्याच घराण्यांतला. उषःकालाच्या ग्रीक नांवावरून त्याचें नांव पडलें आहे, आणि पेशीच्या केंद्राबाहेरील भागास तो खरोखरच पहाटेसारखा गुलाबी करतो.

पहिला रंग चढल्यावर केंद्रें तांबूस-जांभळीं दिसतात. आम्लमिश्रित स्पिरिटांत एकदोनदां बुडवून जास्तीचा रंग काढतात आणि मग पट्टी वाहत्या पाण्याखालीं धरतात. पाहतां पाहतां केंद्रें निळीं होतात. ही निळाई येण्यास किंचित् क्षारयुक्त पाणी लागतें, अगदीं शुद्ध केलेल्या पाण्यानें ती येत नाहीं. “ज्या पाण्यात डाय नाही शिजत, ते पाणी यासाठी चांगलं,” असें भाऊंनीं सांगतांच मी मोठ्यानें हंसलें. आमच्या गांवच्या विहिरीला त्या जड पाण्यावरून तीन पिढ्या बोल लावीत आल्या आहेत! तिचा असा गौरव कधीं झाला नव्हता.

रंगवून, वर पातळ कांच चिकटवून सिद्ध झालेली पट्टी यंत्राखालीं ठेवली. प्रथम कमी शक्तीचें भिंग लावून मुलूख पाहावा, मग घरें पाहावीं, असा येथला नियम आहे. एकदम मोठें भिंग लावणाऱ्यास आपण कोठें उभे आहों तेंच कळत नाहीं. निरोगी गालाचा काप फार सुरेख दिसतो. तळाशीं निळ्या केंद्रांच्या पेशींची एक सरळ रांग. तिच्यावर क्रमानें चपट्या होत गेलेल्या पेशींचे थर. आणि खालीं गुलाबी धाग्यांची सैल वीण, तींतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या. खर्रा खाणाऱ्याच्या गालांत हीच वीण दाट व कडक झालेली असते, वाहिन्या थोड्या उरतात, वरचा थर झिजून पातळ होतो. तोंड उघडत नाहीं तें याच दोरखंडांमुळें. या विकारास १९५३ सालीं मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनीं आज रूढ असलेलें नांव दिलें. त्याचा मराठी अर्थ ‘त्वचेखालील तंतुमयता’ असा होईल.

पुढची पट्टी कर्करोगाची होती. तळची ती सरळ रांग मोडून पेशी खालच्या विणींत घुसलेल्या. केंद्रें मोठीं, काळपट, एकासारखें दुसरें नाहीं. कोठें कोठें शिंगासारख्या कठीण द्रव्याचे वर्तुळाकार थर जमून गुलाबी गोळ्या झालेल्या. शास्त्रज्ञ त्यांना मोतीच म्हणतात. खरोखर तीं मोत्यांसारखींच दिसतात, आणि तो शब्द मला फार क्रूर वाटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीदेखील कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय दिला आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. पानटपरीवर घोटून मिळणारा खर्रा मात्र आमच्या गांवच्या फाट्यावर मीं गेल्या महिन्यांतही पाहिला. त्याच्यापुढें उभीं असलेलीं मुलें दहावीच्या वयाचीं होतीं.

या विद्येची आपल्या प्रांतांत परंपरा आहे, ती मुलांनीं जाणावी. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांना भारतांतील विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं निघालें तेव्हां तेथील प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली. तीन वर्षांनीं त्यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. हजार माणसें म्हणजे हजार ठोकळे आणि त्यांच्या कित्येक हजार चकत्या. त्या कापणाऱ्या-रंगविणाऱ्या हातांचीं नांवें निबंधावर नसतात. खानोलकरांच्याच हाताखालीं डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) तयार झाल्या. पुण्यास शिकत असतां त्यांनीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. पुढें मुंबईस भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं ऊतकें शरीराबाहेर वाढविण्याची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली. सीताफळाच्या झाडापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास आमच्या जिल्ह्यांतील मुलींस दूरचा वाटूं नये. सीताफळें आमच्या रानांत थोडीं नाहींत. १९८९ सालापासून यवतमाळ येथेंच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळें सूक्ष्मदर्शकाखालील हें जग पाहण्यास आतां नागपूर-मुंबईच गांठली पाहिजे असें राहिलें नाहीं.

इतर रंगांची ओळख उरलेल्या दोन दिवसांत धांवतीच झाली. रॉबर्ट कॉक यानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें क्षयाचे जंतु दाखविले ते रंगाच्या बळावरच. त्या जंतूंभोंवतीं मेणचट कवच असल्यामुळें तांबडा रंग उष्णता देऊन आंत घालावा लागतो. पण एकदां शिरला कीं आम्लानेंही सुटत नाहीं. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसल्या कीं निदान झालें. महारोगाचे जंतुही याच रीतीनें, फक्त आम्ल सौम्य ठेवून, दाखवितां येतात. विदर्भांत पुष्कळ आढळणाऱ्या सिकलसेल विकाराची प्राथमिक परीक्षा मात्र रंगावांचूनच होते : रक्ताच्या थेंबांत प्राणवायु ओढून घेणारें द्रव्य मिसळून वर कांच बंद करावी, कीं कांहीं वेळानें गोल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतांना दिसतात. नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं १९५८ सालीं मध्य भारतांतील या विकारावर निबंध प्रसिद्ध केला होता.

हल्लीं पट्टीचें संपूर्ण चित्र यंत्रानें टिपून क्षणांत परगांवच्या तज्ज्ञास पाठवितां येतें, आणि संगणकास रोग ओळखावयास शिकविण्याचेही प्रयत्न जोरांत चालले आहेत. आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी त्याच विषयावर काम करीत होता. त्यानें भाऊंस विचारलें, “यापुढें हातानें रंगविणारें कोणी लागेल का?” भाऊंनीं उत्तर न देतां त्याचीच सुरकुतलेली चकती त्या यंत्रांत घातली. पडद्यावर सुरकुती हातभर रुंद दिसली. मला स्वतःला यंत्रांचें वावडें नाहीं; दूरच्या खेड्यांतल्या रोग्याचा त्यांत फायदाच आहे. पण बाटलींत काय घातलें होतें तें पडद्यावर दुरुस्त होत नाहीं, हेंही मीं पाहिलें आहे.

शेवटच्या दिवशीं भाऊंनीं कपाटांतून जुने ठोकळे व पट्ट्या काढल्या. कांचपट्टीवर रोग्याचें नांव घालीत नाहींत, क्रमांक घालतात, आणि तोही शिसपेन्सिलीनें. शाई स्पिरिटांत विरघळून जाते व मग ही कांच कोणाची हें कळावयास मार्ग राहत नाहीं. कांहीं पट्ट्या वीस-पंचवीस वर्षांच्या होत्या. उजेड लागून गुलाबी रंग बहुतेक उडाला होता, निळा थोडा टिकला होता, पेन्सिलीचे आंकडे मात्र जसेच्या तसे होते. त्यांतील एका क्रमांकाचा ठोकळा भाऊंनीं शोधून काढला, बर्फावर थंड केला आणि माझ्यापुढें ठेवला. मेण पिवळट झालें होतें, पण आंतील तुकडा शाबूत होता. पंखा बंद करून मीं चाकाला हात घातला.